भामरे पद

डस्टर अर्धाच फिरला आणि मोनालीचा हात फळ्यावर थबकला. तास संपला होता, एम.एस्सी.ची मुलं कँटीनकडे पांगली होती आणि फळ्यावर दरवर्षीचंच उदाहरण उरलं होतं: तीन अनंत मालिका, अ, ब आणि क. आधी अ आणि ब यांचा गुणाकार केला तर एक येतो, त्याने क ला गुणलं की क जशीच्या तशी हाती राहते. आधी ब आणि क यांचा गुणाकार केला तर मात्र शून्य येतं, आणि शून्याला कशानेही गुणा, शून्यच. तीच तीन माणसं, त्याच रांगेत उभी. कुणी कुणाचा हात आधी धरला एवढ्यावरून एकदा सगळं शाबूत, एकदा सगळं साफ. हे सांगितलं की मुलं दचकतात, आणि ती दचकली की मोनालीला बरं वाटतं, कारण साध्या आकड्यांत असं कधीच होत नाही. दोन, तीन, चार कसेही गुणा, चोवीसच. आज डस्टर घाईघाईत नेमका कंसांवरून गेला आणि फळ्यावर नुसतं अ ब क राहिलं. ही ओळ तिने कुठे पाहिली होती? कुठे म्हणजे काय, आपल्या संशोधनाची सगळी वर्षं ती हीच ओळ उशाशी घेऊन झोपली होती. तिचे गुरू भामरे सर यांच्या उपप्रमेयातली ती मधली ओळ होती. 

ती व्यासपीठाच्या कडेला बसली. तळहातावर पेनने पुन्हा मांडून पाहिलं, मग एका पाठकोऱ्या कागदावर, मग नुसते डोळे मिटून. दर वेळी तेच. सरांनी डावीकडून धरलं होतं आणि त्यांच्या हाती एक अख्खं पद राहिलं होतं. पण त्या जागी डावीकडून धरायची मुभाच नव्हती. तिथे क्रिया उजवीकडून सुरू होते, आणि उजवीकडून धरलं की शून्य. म्हणजे सरांना जिथे काहीतरी सापडलं होतं, तिथे काहीच नव्हतं. आणि त्या काहीतरीला जगभर सरांचं नाव होतं. मोनालीने विभागप्रमुखांना डोकं दुखतंय म्हणून सांगितलं, जे खोटं नव्हतं, आणि रिक्षाने स्टँड गाठून ती धुळ्याच्या बसमध्ये बसली. धुळ्याला सरांच्या घरी जाऊन काय बोलायचं हे ठरलं नव्हतं. घर पेटलं की माणूस आधी घराकडे धावतो, बादली नंतर आठवते, तसं झालं होतं.

बस गिरणेच्या पुलावर आली तेव्हा फोन थरथरला. सरिता. मोनालीने तो वाजू दिला. मग मेसेज आला: 'मॅडम, बाइंडिंगवाले विचारताहेत, पुठ्ठा काळा की मरून?' मोनाली त्या ओळीकडे बघत राहिली. सरिता तिची पीएच.डी.ची विद्यार्थिनी, पहिली आणि आतापर्यंत एकुलती. सातपुड्याच्या पायथ्याशी, जिथे पाऊस झाला तर शेती आणि नाही झाला तर मजुरी, अशा गावातून आलेली पावरा आदिवासी मुलगी. तिचे वडील करमसिंग एकदा विद्यापीठात आले होते, हातात मोहाच्या फुलांची पिशवी घेऊन. पोरगी नेमकं काय करते ते त्यांनी विचारलं नाही, फक्त 'होई जाई ना?' एवढंच विचारलं, आणि मोनाली छातीवर हात ठेवून म्हणाली होती, होईल. प्रबंधाचं पहिलं प्रकरण सोडलं तर पुढची सगळी प्रकरणं भामरे पदावर उभी होती. मुदत एकदा वाढवून मिळाली होती, दुसऱ्यांदा मिळणार नव्हती, आणि महिना संपत आला होता. आणि आज ती पोरगी जळगावात बाइंडिंगच्या दुकानात, प्रतींचे गठ्ठे पुढ्यात घेऊन, पुठ्ठ्याच्या रंगासाठी अडून बसली होती. मोनालीने 'थांब जरा' असं लिहिलं. का थांब, ते लिहायला बोटं वळेनात.

तिच्या विषयाचं नाव व्हर्टेक्स अल्जिब्रा. हे नाव घेतलं की जळगावात माणसं दोनच गोष्टी करतात: मान डोलावतात नाहीतर चहा मागवतात. मोनालीची आई, बेबाबाई, रावेरकडच्या केळीच्या बागेत बसून शेजारणींना सांगायची, 'माही पोर अल्जिब्रा शिकवते, पण शाळेतला नाही, मोठा!' मोठा होता खरा. भौतिकवाल्यांना म्हणे फार वर्षांपासून हे असं काहीतरी लागतच होतं. सूक्ष्म तंतू एका पृष्ठभागावरून सरकतात, त्या पृष्ठभागाच्या बिंदूबिंदूवर क्षेत्रं असतात, आणि दोन क्षेत्रं एकमेकांजवळ आली की त्यांचा गुणाकार भडकून अनंताला जातो. भौतिकवाले बिनधास्त त्या भडक्यात हात घालून उत्तर बाहेर काढत, आणि उत्तर बरोबरही येई. गणितवाल्यांनी पुढे त्याला कायदेशीर केलं. आधी संसार, मग लग्नाची नोंदणी, असं सर म्हणायचे. त्यातला मोनालीला सगळ्यात आवडणारा नियम होता तो स्थानिकतेचा: दोन क्षेत्रं एकमेकांपासून लांब असतील तर आधी कोण आणि नंतर कोण याला काही महत्त्व नाही, फरक उरला तर तो फक्त जिथे ती भेटतात तिथे. एरवी ती या नियमावर तासभर बोलली असती. आज बस एरंडोलच्या चढाला लागली आणि तिला तो आठवला तेव्हा नकोसा झाला. जळगाव आणि धुळे यांच्या मध्ये रस्ता होता तोवर सगळं ठीक होतं. आता ती भेटायला निघाली होती.

योगराज भामरे सर मूळचे साक्रीकडचे. उंच, सावळे, शर्टाच्या खिशात कायम दोन खडू, एक लिहायला आणि एक हरवायला. मोनालीच्या एम.एस्सी.च्या वर्गात त्यांनी पहिल्याच दिवशी फळ्यावर दोन आकडे लिहिले होते: एक लाख शहाण्णव हजार आठशे त्र्याऐंशी आणि त्याखाली एक लाख शहाण्णव हजार आठशे चौऱ्याऐंशी. एक आकडा सममितीच्या अजस्र गटातून आलेला, दुसरा फलनांच्या जुन्या शास्त्रातून, दोघांचा एकमेकांशी सुतराम संबंध नाही, आणि फरक फक्त एकाचा. 'आता सांगा,' सर म्हणाले होते, 'हा योगायोग आहे की यांचं आतून काही आहे?' वर्ग हसला. मोनाली हसली नाही, तिच्या अंगावर काटा आला होता. त्या दोन आकड्यांमधला पूल म्हणजे हाच विषय, हे कळलं तेव्हा तिने बी.एड.चा अर्ज मागे घेतला. आयुष्यात माणसाला असा एखादाच धक्का मिळतो आणि तो सुखाचा असतो, असं ती आज सकाळपर्यंत समजत होती.

आणि सर कंस घालत नसत. ही त्यांची शैली होती, ऐट होती म्हणा ना. 'कंस म्हणजे कुबड्या,' ते म्हणायचे. 'ज्याला चालता येतं त्याने घेऊ नयेत.' गुणाकार लिहायचा तर नुसती अक्षरं शेजारीशेजारी. कुठून धरायचं ते वाचणाऱ्याला कळलंच पाहिजे, नाही कळलं तर त्याने दुसरा विषय घ्यावा. मोनालीही तसंच लिहायला शिकली. नाशिकहून की पुण्याहून आलेले परीक्षक तिच्या वहीकडे बघून म्हणायचे, भामऱ्यांची शिष्या ना, तेव्हा तिच्या अंगावर मूठभर मांस चढायचं. म्हणजे तो कंस तिथे नाही हे तिला कधी दिसलंच नाही, कारण तो कुठेच नसायचा. गंमत अशी की अ, ब, क चं ते धोक्याचं उदाहरण तिला सरांनीच शिकवलं होतं, त्या एका उदाहरणापुरते कंस घालून. माणूस दुसऱ्याला खड्डा दाखवतो आणि मान वळवून त्यातच पाय टाकतो, ही काय नवी गोष्ट आहे? पण सर? तिने पुढच्या सीटच्या दांड्यावर कपाळ टेकलं. शेजारच्या बाईने, ओळख ना पाळख, पाण्याची बाटली पुढे केली. 'प्या ताई, घाटात लागते कुणाकुणाला.' तिथे घाट नव्हता. मोनाली गटागटा पाणी प्यायली.

त्या ओळीतून उरलेलं पद छापून आलं, आणि दोनेक वर्षांनी परदेशातल्या भौतिकवाल्यांनी ते उचललं. त्यांच्या समीकरणात एक दुरुस्ती लागत होती, ती यातून मिळाली. त्यांनी त्याला 'भामरे पद' असं नावच देऊन टाकलं. कुठल्याशा परिषदेचा व्हिडिओ होता, त्यात एक गोरा माणूस 'बॅमर, बॅमर' करत फळ्यावर ते लिहीत होता. तो व्हिडिओ सरांनी आपल्या पत्नीला, सुनंदाकाकूंना दाखवला, काकूंनी शेजारच्या लताबाईंना दाखवला, आणि धुळ्याच्या देवपुरात सगळ्या गल्लीने सरांना महिनाभर बॅमर म्हणून घेतलं. सर रागावले नाहीत. निवृत्तीनंतर सरांना न फंड पुरला न प्रकृती, मुलगा लांब, एकदा छाती उघडून झालेली. पण सकाळी उठून संगणकावर ते पद कुणी कुठे वापरलं ते बघायचे आणि दिवस गोड व्हायचा. मोनालीने हे बघितलं होतं. आता ते पद शून्य होतं. आज झालं नव्हतं, पहिल्यापासूनच होतं.

पारोळा मागे पडलं. रस्त्याकडेच्या तारांवर कापसाचे पुंजके अडकले होते, ट्रॅक्टरवरून उडालेले. मोनालीच्या डोक्यात एकेक वाक्य आपोआप तयार होऊन पुढे येत होतं, आणि प्रत्येक वाक्य मोठं समंजस होतं. इतक्या वर्षांत कुणाच्या लक्षात आलं नाही. परीक्षकांच्याही येणार नाही. कदाचित दुसऱ्या वाटेने ते पद परत मिळेल, शोधू सावकाश. आणि मुख्य म्हणजे, त्या पोरीचं काय होईल? हे शेवटचं वाक्य तर इतकं चांगलं होतं की त्याच्यामागे लपून माणूस जन्म काढू शकला असता. मोनालीला ते आवडलं, आणि आवडलं म्हणून तिला स्वतःचीच शिसारी आली. सर आपल्या जागी असते तर त्यांनी काय केलं असतं? हा प्रश्न तिने आजवर प्रत्येक अडचणीत विचारला होता आणि उत्तर नेहमी सोपं असायचं. जळगावच्या एका चर्चासत्रात, भरल्या सभागृहात, पाहुण्याने शंका काढली तेव्हा सर मिनिटभर फळ्याकडे बघत उभे राहिले, हसले आणि म्हणाले, 'चुकलो. बसतो.' आणि खरंच जाऊन बसले. टाळ्या पडल्या होत्या. त्या आठवणीने तिला थोडं बळ आलं. सर आजही तेच म्हणतील, मग आपण दोघं मिळून सरिताला सांभाळू, असा विचार करत ती धुळ्याच्या स्टँडवर उतरली.

दार सुनंदाकाकूंनी उघडलं. 'ये व पोरी! एकलीच उनी? बस, भरीत करेल शे.' मग आत वळून, 'आयकं का? मोनाली उनी. जेवाले या, बठ्ठं थंड व्हई जाई.' 'येस, येस,' आलोच म्हणून आतून सरांचा आवाज आला. घरात भाजलेल्या वांग्याचा वास भरला होता. सर स्वेटर घालून आले, सहा महिन्यांत अजून वाळलेले, मानेची शीर दिसत होती. 'काय बेटा, काय म्हणतं जळगाव? सरिताचं छापून झालं?' मोनालीच्या पुढ्यातही ताट आलं, कळण्याची भाकरी, भरीत, वर कच्च्या तेलाची धार. तिने एक घास मोडला आणि तो हातातच राहिला. काकू ठेचा वाटायला आत गेल्या.

'सर,' ती म्हणाली, 'उपप्रमेयातली मधली ओळ. आपण डावीकडून धरलंय.'

 तिने तो पाठकोरा कागद ताटाशेजारी ठेवला. सरांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि वाचलं. वाचायला दोन ओळीच होत्या. त्यांचा चेहरा आधी वैतागलेला होता, नवशिक्याची चूक पाहावी तसा. मग तो वैताग जागच्या जागी राहिला आणि त्याच्याखालून सगळं निघून गेलं. त्यांनी बोटाने, भरिताच्या तेलकट बोटाने, टेबलावर काहीतरी लिहिलं. पुन्हा लिहिलं. मोनाली त्या बोटाकडे बघत होती, आणि ते थांबू नये असं तिला वाटत होतं. ते थांबलं.

'शून्य,' सर म्हणाले.

'हो सर.'

'सगळंच?'

 आता सर हसतील, चुकलो म्हणतील. तिने मान खाली घालून वाट पाहिली. आतून वरवंट्याचा आवाज येत होता.

'कुणाला सांगितलंस?' सरांनी हळूच विचारलं.

'कुणालाच नाही. थेट इकडेच आले.'

'मग नको सांगू.'

मोनालीने वर पाहिलं. आपल्याला ऐकायला वेगळं आलं असेल असं तिला वाटलं. पण सर स्वयंपाकघराकडे बघत होते, काकूंना ऐकू गेलं की काय या धास्तीने, आणि ते बघणं तिने सरांच्या डोळ्यांत कधी पाहिलं नव्हतं. ती नजर मटका लावताना पकडलेल्या माणसाची होती. 'माझी किती वर्षं राहिली आता?' ते म्हणाले. 'आणि माझं सोड. त्या पोरीचं काय होईल? करमसिंगला काय तोंड दाखवशील?' तेच वाक्य. बसमध्ये तिने स्वतःसाठी शिवलेला तोच अंगरखा घालून सर समोर बसले होते.  चूक तिने सोसली असती, चूक काय, कुणाचीही होते. पण सकाळपासून ती ज्या एका माणसाच्या भरवशावर धावत आली होती, तो माणूस या ताटावर नव्हताच. तिला ओरडावंसं वाटलं, 'सर, तुम्हीच?' आणि त्याच वेळी त्यांची वाळलेली मान दिसली. हो म्हणून टाकावं. एका शब्दाचं काम. सर भरीत खातील, काकू ठेचा वाढतील, ती संध्याकाळच्या बसने परत जाईल, सरिता डॉक्टर होईल, आणि जगात शून्याला भामऱ्यांचं नाव राहील. कुणाचं काय बिघडलं? ती तोंड उघडणार, तोच टेबलावर फोन थरथरला. सरिता. सर फोनकडे बघत होते, मग तिच्याकडे. त्यांनी मान अगदी थोडी हलवली, नको म्हणून.

ती मान हलली नसती तर कदाचित मोनालीने फोन उचललाही नसता. तिच्या उजव्या हातात घास होता, डाव्याने तिने फोन घेतला आणि टेबलावरच ठेवून स्पीकर लावला.

'मॅडम, मी तासाभरापासून इथेच बसलेय,' सरिताचा हसरा आवाज खोलीत पसरला. मागे कागद कापायच्या मशीनची खटखट. 'मरून घेऊ ना? काळा म्हणजे पुढाऱ्याच्या गाडीसारखा वाटतो.'

'सरिता, बाइंडिंग करू नकोस,' मोनाली म्हणाली. 'भामरे पद शून्य आहे.' आणि तिने सांगितलं, एका दमात, अ, ब, क, डावीकडून, उजवीकडून. सांगताना ती सरांकडे बघू शकली नाही. सांगून झालं तेव्हा पलीकडे फक्त मशीन होतं. कुणीतरी दुकानदाराला झेरॉक्सचा भाव विचारला. मोनालीला वाटलं, पोरगी फोन टाकून निघून गेली. तिच्या जागी मी असते तर गेले असते.

'दुसरं प्रकरण तर गेलंच मग,' सरिता अखेर म्हणाली. आवाज अगदी बारीक झाला होता. 'तिसरं, चौथं... पाचवं पण. सगळंच गेलं, मॅडम.'

'हो.'

'बरं.'  नाक ओढल्याचा आवाज आला. मग ती घाईघाईने म्हणाली, 'मॅडम, तुम्ही कुठे आहात? धुळ्याला चालल्यात का? सरांना एकदम नका सांगू हां. त्यांचं ऑपरेशन झालंय. आधी त्यांना जेवू द्या, मग सांगा. पोटात काही असलं की माणूस जरा सोसतो.'

सरांचं ताट समोर जवळपास जसंच्या तसं होतं. काकू ठेचा घेऊन दारात आल्या होत्या आणि या दोघांची तोंडं बघून तिथेच थांबल्या.  सरांनी दोन्ही हात टेबलावर टेकले, उठायचं असावं तसे, पण उठले नाहीत. फोनकडे वाकले, अगदी जवळ, म्हाताऱ्या माणसाला ऐकू कमी येतं तसे.

'जेवतो, बेटा,' ते म्हणाले. 'जेवतो, आणि मग मीच कळवतो सगळ्यांना.'

पलीकडे मशीनची खटखट चालूच होती. 'सर?' सरिता म्हणाली. 'तुम्ही ऐकत होतात?'